वंदनाच्या हातची गिलकी

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही — नवऱ्यापाशी नाही, देवापाशीही नाही. देवाला म्हणे सगळं ठाऊकच असतं, तेवढीच माझी सोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघते.

इकडे मध्य प्रदेशात, देवासला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. वसंत पंचमी उलटली, थंडी ओसरायला लागली, की तिथे उन्हाळी भाज्यांचं बी पडतं. भेंडी, चवळी, काकडी आणि गिलकी. पुण्याकडचे पाहुणे तिला घोसाळी म्हणतात. आम्ही कधी म्हटलं नाही. सासूबाईंचा एक नेम होता — वाफ्यात पहिलं बी लेकुरवाळीनं लावायचं. दोन मुलांची आई म्हणून तो मान माझा. मान कसला, कंबर मोडेस्तोवर माती भुसभुशीत करायची आणि शेणखत कालवायचं! पण मला तो फार प्रिय होता. इतकी क्षुल्लक गोष्ट एखाद्या बाईला इतकी प्रिय असावी?

वंदना माझी धाकटी जाऊ, माहेर कुक्षीचं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं. मग राहिलेच नाहीत. त्या वर्षी तिची आई वारली. दिवस करून परतताना तिनं आईच्या हातचं गिलकीचं बी आणलं, मूठभरही नसेल. सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "यंदा पहिलं बी वंदना लावेल." वंदना लहान मुलीसारखी हसली. आणि माझ्या पोटात दुखलं. हो, दुखलंच — दुसरा शब्द नाही.

गिलकीच्या बीचं टरफल टणक, म्हणून आधी ते कोमट पाण्यात भिजत घालतात. वंदनानं वाटीत बी भिजवलं आणि सासूबाईंना घेऊन टेकडीवर देवीला गेली. मी चहाचं आधण ठेवलं होतं. वाटी शेगडीजवळच होती, चुकून गरम पाणी —

नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं घोकलंय की ते आपसूक तोंडात येतं. चुकून काही झालं नाही. मी वाटीतलं कोमट पाणी मोरीत ओतलं, बियांवर उकळतं आधण घातलं आणि वर झाकणी ठेवली. पाणी निवेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग पातेल्यात उरलेल्या आधणाचा चहा केला आणि प्यायले.

वंदनानं हळद-कुंकू वाहून बी लावलं. शेजारच्या वाफ्यात माझी भेंडी-चवळी तरारून वर आली. तिच्या आळ्यात मात्र नुसती ओली माती. ती रोज उठल्याबरोबर तिथे जाऊन उकिडवी बसायची. शेवटी तिनं बोटानं माती उकरली, एक बी चिमटीत दाबलं, तर आत नुसता लगदा. सासूबाई रागावल्या नाहीत. "असू दे गं, एकेकीचा हात असतो तसा," एवढंच म्हणाल्या. कुंपणापलीकडून शेजारणीनं भर घातली, "किसी-किसी का हाथ नहीं फलता, भाभी."

मग वंदना माझ्याकडे आली. माझ्याकडेच!

"ताई, खरं सांगा, माझ्या हातालाच बरकत नाही का हो?"

मला तेव्हा बोलता आलं असतं. निदान मिठाची गुळणी धरून गप्प तरी बसता आलं असतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "देवाची मर्जी. मनाला लावून घेऊ नकोस."

तिनं लावून घेतलं. पुन्हा वाफ्यात पाऊल टाकलं नाही. लोणच्याच्या बरणीला हात लावेना, म्हणे नासेल. कुणाची ओटी भरायची वेळ आली की स्वयंपाकघरात काम काढायची. गेलेल्या दोन्ही बाळांचा दोषही तिनं त्या हातांवरच घेतला असणार. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. दर वर्षी पहिलं बी पुन्हा मीच लावू लागले. सासूबाई गेल्या, तरी नेम मोडला नाही, मीच पाळला.

परवा माझ्या नातीचं बारसं झालं. माझ्या लेकीनं हौसेनं म्हटलं, "काकू, बाळाला पाळण्यात तू ठेव." वंदनानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको गं बाई. तुझ्या आईला ठेवू दे, तिचा हात चांगला."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि बाळाला पाळण्यात ठेवलं.