रोमचा द्वारपाल आणि वाघोलीचं गेट

तुमच्या सोसायटीच्या गेटवरून रोज कुणाकुणाला परत पाठवलं जातं, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? मीही विचारलं नव्हतं. त्यासाठी मला सदाशिव पेठेतून वाघोलीपर्यंत प्रवास करावा लागला.

निमित्त निवडणुकीचं होतं. कॉलेजातली माझी मैत्रीण अश्विनी वाघोलीची. तिची आई कमलताई ग्रामपंचायतीला उभी राहिली होती. वाघोलीत इमारती शहराच्या होत्या, कारभार मात्र अजून गावाचा होता. अश्विनीने मी लिहिलेली एक पुस्तिका वाचली होती. पुस्तिकेत रोमन प्रजासत्ताकाच्या शेवटच्या दिवसांतल्या एका राज्याधिकाऱ्याची कारकीर्द होती. गडी लहान गावातला. घराण्यात आजवर कुणी रोममध्ये पद भूषवलेलं नाही. तरीही एकेक पायरी चढत तो कॉन्सल झाला, म्हणजे वर्षभरापुरता राज्याच्या दोन प्रमुखांपैकी एक.

"तुझा तो रोमन ज्याच्या जोरावर निवडून येत होता, तसं काहीतरी आईसाठी लिही," अश्विनी फोनवर म्हणाली. "पत्रक हवंय. आणि लगेच पळू नकोस, शनिवार-रविवार राहायला ये."

पत्रक म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही. आमच्या चळवळीतल्या घरी पाहुण्याला चहाबरोबर पत्रक हातात द्यायची रीत होती. बिस्किटं कधी असत, कधी नसत.

शनिवारी सकाळी मनपाच्या थांब्यावरून वाघोलीची बस पकडली. "वाघोली आली की सांगाल का?" मी कंडक्टरला विचारलं.

"वाघोली येत नसते. ती जागेवरच असते, आपण जायचं असतं," तिकीट फाडत तो म्हणाला.

येरवडा गेलं, विमाननगर गेलं. खराडीपाशी काचेच्या इमारती सुरू झाल्या. त्यांच्या अंगावर आभाळ दिसत होतं, पायाशी बाभळी आणि पत्र्याच्या खोल्या. मधल्या पट्ट्यात फ्लेक्सच फ्लेक्स. सगळे उमेदवार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हात जोडून उभे. रोममध्येही उमेदवार खडूने उजळलेलं वस्त्र घालून बाजारात हात मिळवत फिरत. दोघांचा परीट एकच असावा.

कंडक्टरने अर्थातच सांगितलं नाही. मी केसनंद फाट्याच्याही पुढे गेले आणि खाणीतून खडी घेऊन येणाऱ्या डंपरची धूळ खात उलटी चालत आले.

अश्विनीच्या घरच्यांनी शेत बिल्डरला दिलं होतं. त्याच शेतावर आता टॉवर उभे होते आणि त्यातल्या एकात, सातव्या मजल्यावर, त्यांचं घर होतं. गेटवर वॉचमनने मला आपादमस्तक न्याहाळलं. केसांत खडीची भुकटी, खांद्याला झोळी.

"कुणाकडं?"

"कमलताईंकडे."

"नाव नको, फ्लॅट नंबर सांगा."

नंबर मला माहीत नव्हता. अश्विनीला मोबाइल लावला, तिने वरून इंटरकॉमवर सांगितलं, तेव्हा आडवा दांडा वर झाला.

घराचं दार सताड उघडं होतं. कमलताई हॉलमध्ये सतरंजी अंथरून बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेली ठसठशीत बाई, बोलणं खणखणीत. पण सतरंजीवर दुसरं कुणीच नव्हतं. चहाचं मोठं पातेलं तसंच भरलेलं.

"दोन दिस झालं, दार उघडं टाकून बसलीय," त्या म्हणाल्या. "गावात सांगितलं, वस्तीवर सांगितलं, काय बी काम असंल तर घरी या. कुनी फिरकलं न्हाई."

वस्ती म्हणजे गावापासून दूर, रानात वसलेली घरं. टॉवरच्या पलीकडच्या या वस्तीला नळ पोचलेला नव्हता. त्या नळासाठीच कमलताई उभ्या राहिल्या होत्या.

"जमीन विकून वर जाऊन बसली, असं म्हनत असतील," त्या हळूच म्हणाल्या. "हरायचं भ्या न्हाई मला. पन आपल्याच मानसांनी तोंड फिरवलं म्हनून हरले, तर या गावात ऱ्हाऊ कशी?"

जेवायला शेंगोळी होती (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या). नाकडोळ्यांतून पाणी काढत मी त्यांना माझ्या रोमनची गोष्ट सांगितली.

तरुणपणी तो सिसिली बेटावर खजिन्याचा अधिकारी होता. रोममध्ये धान्याची टंचाई पडली, तेव्हा याने तिकडून भरपूर धान्य पाठवलं. मुदत संपवून परत निघाला तो याच समजुतीत, की अख्खं रोम आपल्याबद्दलच बोलत असणार. वाटेत समुद्रकाठच्या गावी उतरला, तर ओळखीचा एक जण विचारतो, रोमहून कधी निघालात, तिकडची काय खबर? हा म्हणाला, अहो, मी परगण्यातून येतोय. हो हो, आफ्रिकेतून ना? नाही, सिसिलीतून! शेजारचा शहाणा म्हणाला, तुम्हाला ठाऊक नाही वाटतं, हे सिसिलीतल्या सिरॅक्यूजला होते. प्रत्यक्षात हा होता बेटाच्या दुसऱ्या टोकाला.

कमलताई ठसका लागेपर्यंत हसल्या. "आपल्या पुढाऱ्यांची बी जिरली पायजे अशी. मंग?"

"मग त्याच्या लक्षात आलं, की लोकांचे कान तिखट नाहीत, डोळे तिखट आहेत. तेव्हापासून तो रोज लोकांच्या नजरेसमोर राहिला. आणि घराच्या द्वारपालाला सांगून ठेवलं, कुणालाही अडवायचं नाही. पुढच्या सगळ्या निवडणुका त्याने अशा जिंकल्या."

"माझं दार तर उघडंच हाय की," कमलताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी आम्ही तिघी चालत वस्तीवर गेलो. टॉवरची भिंत संपते तिथून पायवाट लागते. एका बाजूला पाणी साचलेली जुनी खाण, दुसऱ्या बाजूला कुणीतरी अजून निगुतीने लावलेला मेथीचा वाफा. पहिल्याच घरात सोजरबाई नावाच्या आजी भाकरी थापत होत्या. कमलताईंना बघून त्यांनी तोंड वळवलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

"का हो मावशी, रागावला का?"

"आमी कोन रागावनार? मोठ्या लोकांनी आमाला गेटावरनं माघारी लावायचं, आन् वर इचारायचं रागावला का."

"कुनी लावलं?"

"तुझ्या त्या वाचमननं! नंबर सांग म्हनला. आता माझ्या लेकीगत पोरीच्या घराला नंबर असतो व्हय? फोन लाव म्हनला. फोन मी काय पदराला बांधून फिरते? काल शांता आली, परवा मी आले. सगळी माघारी."

कमलताई मटकन उंबऱ्यावर बसल्या. मी वॉचमनवर घसरणार, इतक्यात त्याच म्हणाल्या, "त्याची चूक न्हाई. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसा ठराव झालता. चोऱ्या व्हत्यात म्हनून. सगळं इंग्रजीत चाललं व्हतं, सगळ्यांनी हात वर केला, मी बी केला." मग सोजरबाईंकडे वळून म्हणाल्या, "मावशी, आता चला माझ्यासंगं. नंबर न्हाई लागायचा."

परत आल्यावर त्या वर गेल्याच नाहीत. अश्विनीने वरून सतरंजी, प्लास्टिकची खुर्ची आणि चहाचं पातेलं आणलं. गेटच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत, कमलताईंनी बैठक मांडली. वस्तीवर सांगावा धाडून सोजरबाई शेजारी बसल्या. तासाभरात सतरंजीवर जागा उरली नाही. कुणाचं रेशन कार्ड अडलं होतं, कुणाच्या दारात टॉवरचं सांडपाणी येत होतं, आणि नळाबद्दल तर सगळेच एकदम बोलत होते. मी झोळीतून कागद काढला. माझ्या डोक्यातलं घणाघाती पत्रक गळून पडलं. लोक म्हणत होते तेच उतरवून घेतलं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. नितीनभाऊ, मूळचे वर्ध्याचे, खराडीच्या आयटी कंपनीत नोकरी.

"ताई, हे काय करून राहिले तुम्ही? गेटसमोर एवढी गर्दी! सिक्युरिटीचा इश्यू होते नं."

माझं रक्त तापलं. "सिक्युरिटी कुणापासून हवीय तुम्हाला? तुमच्या घरी भांडी घासायला येतात त्याच बायका आहेत ह्या."

"तुम्ही कोणत्या फ्लॅटच्या?"

"मी सदाशिव पेठेतली."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. बायका खदखदून हसल्या, आणि मला मान्य करावं लागलं की टोला चांगला बसला.

कमलताईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. "भाऊ, बसा. आपल्या बिल्डिंगला टँकर येतो, यांच्या घरी घागर. पानी दोघांस्नी न्हाई. भांडायचं कशाला?"

नितीनभाऊ बसले. नळाची लाइन कुठून आणता येईल, पंचायतीने कुठे हात आखडता घेतला, सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी मोबाइल काढून कसलासा हिशेब मांडला आणि म्हणाले, "हे तर होण्यासारखं आहे, ताई. आमच्या टँकरचीही कटकट जाईल. तुम्हीच निवडून यायला पाहिजे."

"मंग मत द्याल ना?"

ते ओशाळले. "तेच तर. माझं यादीतलं नाव तं वर्ध्यालेच हाय नं. ह्या टॉवरमधले बहुतेक तसेच. कोणी यवतमाळचं, कोणी अमरावतीचं."

मला माझ्याच पुस्तिकेतलं एक पान आठवलं. त्या राज्याधिकाऱ्याच्या काळात इटलीभरच्या लोकांना रोमचं नागरिकत्व मिळालेलं होतं, मताचा हक्कही होता. पण मत द्यायचं तर स्वतः रोमला जावं लागे. शेतं सोडून, घरं सोडून कोण जाणार? कॉन्सल कोण व्हावा, हे मतदानाच्या दिवशी रोमच्या मैदानावर हजर असणारे ठरवत. मी ते लिहिलं तेव्हा मला ती रोमची गैरसोय वाटली होती. वाघोलीच्या गेटवर कळलं, की हक्क असणं आणि हक्काच्या जागी असणं यांतल्या अंतरात अख्खं प्रजासत्ताक बुडू शकतं.

सोमवारी सकाळी परतीची बस धरली. पत्रक अश्विनीने तिथेच छापून घेतलं. त्यात रोमचा उल्लेख नव्हता.

निकालाच्या दिवशी कमलताईंचाच फोन आला. "पडले गं, थोडक्यात. पन एक सांगू? वस्तीवरच्या समद्यांनी मलाच मतं दिली. सोजरमावशी सकाळीच रांगेत हुबी व्हती. लोकांनी तोंड फिरवलं न्हाई." आवाजात रडू नव्हतं. "टॉवर तेवढा आला न्हाई, बाल्कनीतनं रांग बघत बसला. येनार तरी कसा? त्याचं नावच न्हाई हितं."

त्या हरल्या याचं मला वाईट वाटलं. संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्यांना पटलं होतं, ज्यांना त्याच पाण्याची गरज होती, ती माणसं मतदानाच्या दिवशी बाल्कनीत उभी राहून रांग बघत होती. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आपण जिथे राहतो तिथले आपण नाहीच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. नळ, रस्ता, कचरा, शाळा इथली. मत मात्र दूर कुठेतरी, सणाला जायच्या गावी.

हे वाचणाऱ्यांत कोथरूडच्या भाड्याच्या घरात राहणारे असतील, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खाटेचं भाडं भरून राहणारे असतील, वाघोलीचे तर असतीलच. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. या आठवड्यात एक सकाळ काढा. निवडणूक कार्यालयात जा आणि जिथे राहता, जिथलं पाणी पिता, तिथल्या मतदार यादीत आपलं नाव घाला. आणि जाताना शेजारच्या दाराची बेल वाजवून त्यांनाही बरोबर घ्या.