जळक्या पावलांचा आवाज

आता तुम्ही आग्रहच धरलात म्हणून सांगतो. हसायचं तर मला हसा, माझ्या चपलांना काही बोलू नका!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी कलकत्त्याला, टॉलीगंजच्या एका स्टुडिओत सिनेमाला आवाज द्यायचो. गाण्याचा नव्हे हो! घोड्यांच्या टापा, दारांची करकर, असलं सगळं आम्ही चित्रावर मागाहून भरायचो. करवंट्या आपटून टापा काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

मग ढाक्याहून आला नोनी. माझ्याच वयाचा, माझ्याच कामाला. ओली लुंगी टबातल्या पाण्यात आपटून त्यानं वल्ह्यांचा आवाज काढला, आणि आमचे डायरेक्टर शिबूदा चक्क "आहा!" म्हणाले. माझ्या टापांना कधी मिळालं होतं "आहा"? नाव नको! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात तेव्हा हातात असलेल्या सिनेमाच्या सुरुवातीला नावांची जी पाटी येते, तिच्यावर आवाजवाल्याचं एकच नाव लागणार होतं. आणि मी शहाणा, ते माझंच म्हणून सासरी पुण्याला कळवून मोकळा!

सीन काय, तर नायकाचा भाऊ मत्सरानं पेटून येरझाऱ्या घालतोय. पावलांचं काम शिबूदांनी कुणाला दिलं? नोनीला! तो आत माइकपुढे, आणि मी बाहेर व्हरांड्यात नव्या कोल्हापुरी चपला घालून फणफणत फिरतोय.

दुसऱ्या दिवशी शिबूदांनी टेप लावली. कर्र... थप. कर्र... थप.

"बापरे! पावलं कसली, आग आहे ही!" शिबूदा ओरडले.

मी गप्प बसतोय होय? "छे! माणूस चाललाय की बैल? मत्सराचा म तरी आहे का यात?"

"पेंडशेबाबू, पण..." नोनी चाचरला.

"पण नाही नि बिण नाही! जुना माणूस सांगतोय. पुसून टाका ते!"

जुन्या माणसाचा मान म्हणून शिबूदांनी टेप पुसायला लावली. मग नोनी हळूच म्हणाला, "मला जमेना, म्हणून बाहेर हे फिरत होते तिकडे मी खिडकीतून माइक धरला. पाटीवर यांचंच नाव लावा, असं सांगणार होतो."

"अहो, मग आधी बोलायचं की!" मी ओरडलो.

"तुम्ही बोलू दिलंत?"

आपली चाल आपल्याला कुठे ऐकू येते हो? लगेच मला माइकपुढे उभं केलं. चाललो. पण नोनीच्या त्या भलेपणानं मी पार विरघळलो होतो, राग आणू कुठून?

"हे काय?" शिबूदा कपाळाला हात लावून म्हणाले. "जामाईषष्ठीच्या सणाला जावई होऊन सासरी जेवायला निघालात का?"

पुन्हा चाललो, पुन्हा तेच. शेवटी नोनीच माझ्या चपला घालून चालला. बरा चालला, काम भागलं.

सिनेमा लागला. स्टुडिओची सगळी मंडळी थिएटरात. पाटी आली, भलंमोठं नाव नोनीचं! शेजारून बायको म्हणाली, "अहो, तुमचं कुठंय?"

पुन्हा तोच तिळपापड! उठलो आणि तडक दाराकडे निघालो. कर्र... थप. कर्र... थप.

मागून अंधारात शिबूदा किंचाळले, "नोनी, ऐक, ऐक! हेच हवं होतं मला!"