दोन सर्व्हर, एक यशदीप

सर्व्हरले जोडीदार हाय, माह्या नवऱ्याले नाई. हे मी किती साल बोंबलून राहिली!

यशदीप नव्या रायपूरच्या एका सरकारी हापिसात ठेक्यावर हाय. तिथं दोन सर्व्हर हायेत. कोनी कॉम्प्युटरवर हापिसाच्या वेबसाइटचं नाव टाकलं, का ते कोन्या नंबरच्या मशीनवर हाय, हे सांगाचं त्यायचं काम. एक बसला, म्हंजे बंद पडला, तं दुसऱ्यानं जवाब द्याचा. दोघायची सेटिंग यशदीपनंच केली, पासवर्ड त्याच्याचजवळ. जराशी गडबड झाली, का याले फोन आलाच समजा.

माही सासू भीमाबाई दर दसऱ्याले दीक्षाभूमीले जाची थैली भरते, अन् फोन आला का रिकामी करते. औंदा म्हणे, "बाबू, गुडघे गेले माहे. आता नाई तं कधीच नाई."

मी भडकली. "हापिसात तुह्यासंगं सोनिया काम करते नं? तिले शिकव नं सारं!"

तो हळूच म्हणे, "दीक्षा, दरसाल माहा ठेका नवा काहून होते? हे काम मलेच येते म्हणून. तिले शिकवलं, तं मले कोन ठेवीन?"

अगं माय! मले वाटे साहेबच सोडत नाई. यानंच आतून कडी लावली होती. राग आला, अन् रागाहून जास्त कीव आली. भनपुरीचं घरभाडं, पोट्टीची शाळा, सारं त्या कडीवरच तं चालू होतं.

पन मायले जिन्यावर बसून बसून चढतानी त्यानं पाहिलं, अन् दुसऱ्याच दिवशी सोनियाले दोन्ही सर्व्हर समजावले, पासवर्ड देला.

नागपूरले गेलो. स्तूपापुढं माय हात जोडून रडली, मीही रडली. यशदीप मात्र घडीघडी फोन पाहे. दुपारी सोनियाचा मेसेज आला, "भैया, पहला वाला बैठ गया था. मैंने ठीक कर दिया. आप आराम से घूमिए." त्याच्यानंतर त्याले घास गेला नाई.

परतीच्या गाडीत साहेबाचा फोन आला. "यशदीप, दो-चार दिन और रुक जाओ. यहाँ कोई जल्दी नहीं है."

मायनं ऐकलं. "किती भला साहेब हाय रे तुहा!"

"हव, माय," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला. मायले आम्ही काहीच सांगितलं नाई.