थांबणाऱ्या गाडीची चाकं

बाबा गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मी कॉलेजला गेले. आई म्हणाली होती, "घरी बसून काय करणार आहेस?" म्हणून गेले. मीरा रोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. रजेत माझे तास कोणी घेतले नव्हते. धडा सोडला होता तिथेच होता.

बाबा गेले ते माझ्या गाडीत. रविवारी सकाळी आम्ही तिघं ठाण्याला आत्याकडे निघालो होतो. बाबा माझ्या शेजारी, आई मागे. घोडबंदर गेल्यावर ते म्हणाले, "जरा बाजूला घे गं." मला वाटलं, मळमळत असेल. इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा त्यांची मान खिडकीकडे कलली होती. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?" मी घड्याळाकडे बघत राहिले.

वर्गात पुस्तकातलं पुढचं गणित फळ्यावर लिहिलं. ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दहा सेकंदांत थांबते. चाकाची त्रिज्या पंचवीस सेंटिमीटर. चाकांचं अँग्युलर ॲक्सिलरेशन, म्हणजे फिरण्याचा वेग दर सेकंदाला किती बदलतो ते, काढा. लिहून झाल्यावर मी ते वाचलं. काहीच झालं नाही. बहात्तर म्हणजे सेकंदाला वीस मीटर. भागिले पाव मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ऐंशी रेडियन फिरतंय. दहा सेकंदांत शून्यावर. उत्तर उणे आठ.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मायनस क्यूँ आया?"

"स्पीड कम हो रही है, इसलिए."

"और रुकने तक पहिया कितनी बार घूमा?"

"साधारण चौसष्ट वेळा," मी मराठीतच बोलून गेले. ती वहीत न लिहिता माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, आप ठीक हो?"

मी मान हलवली आणि फळा पुसला.

घरी आल्यावर आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

"टेप कशाला हवीय?" आई मेथी निवडत होती.

"गाडीचं चाक मोजायचंय. आई, त्या दिवशी ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबायला किती सेकंद लागले असतील?"

"मी कुठे बघत होते? मी डब्याचं झाकण नीट लावत होते."

"कसला डबा?"

"नारळाच्या वड्या. तुझ्या आत्याला नेत होते ना." मग मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, "गाडीतच राहिला असेल गं."

हॉस्पिटलातून गाडी शेजारच्यांनी आणून लावली होती. त्यानंतर मी तिचं दार उघडलं नव्हतं. आत कोंदट वास होता. डबा मागच्या सीटखाली आडवा पडला होता. चाक मोजलं, त्रिज्या अठ्ठावीस सेंटिमीटर भरली. त्या दिवशी वेग ताशी चाळीसच्या आसपास असावा. किती सेकंद, ते मात्र मला आठवेना. बराच वेळ उभी राहिले, तरी आठवेना.

वर येऊन डबा उघडला. वड्यांवर हिरवट बुरशी आली होती. त्या कचऱ्यात टाकल्या, डबा घासला, ओट्यावर पालथा घातला. आईने ते बघितलं आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"भाकरी करू की भात लावू?" तिने विचारलं.

"भात," मी म्हटलं, आणि तांदूळ धुवायला घेतले.