नाव घेतलं, म्हणून बाण सोडला

हरीण माझ्याकडे छाती करून उभं असताना मी बाण सोडला. सोडायचा नसतो. समोरून खांद्याचं हाड आडवं येतं, बाण फुप्फुसापर्यंत पोचत नाही. हे मला तोंडपाठ होतं. रास अल खैमातल्या तिरंदाजीच्या क्लबात नव्या लोकांना हे मीच समजावायचो, तेही कुणी न विचारता.

तीन वर्षं मी तिथं फोमच्या हरणावर हात बसवला होता. फोमचं हरीण सज्जन. कायम कूस दाखवून उभं, पुढच्या पायामागे वर्तुळसुद्धा कोरलेलं. दिवसभर कारखान्यात टाइल्समधली खोट काढायची आणि संध्याकाळी वर्तुळातल्या बाणांचे फोटो अल मजाजच्या घरी बायकोला पाठवायचे. ती नुसता अंगठा पाठवायची.

इथं मोकळ्यावर शिकारीला बंदी. पण कुंपणातलं, परवान्याचं एक रान आहे; कळप फार वाढला की मोजकी जनावरं मारायला देतात. मेहुण्यानं माझं नाव घातलं. सोबतीला रानाची राखण करणारे पेशावरकडचे चाचा. आडोशामागे बसताना त्यांनी एवढंच सांगितलं, “बिस्मिल्ला बाण सोडतानाच म्हणायचं, तरच मांस हलाल.”

ठिपक्यांचं एक हरीण वीस पावलांवर आलं, अगदी फोमसारखं आडवं. मी दोरी ताणली. लहानपणी रत्नागिरीच्या मदरशात लागलेली सवय, अल्लाहचं नाव घाईत घ्यायचं नाही. मी सावकाश, एकेक अक्षर सुटं म्हणत गेलो, “बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर.” माझं होईस्तोवर हरणानं तोंड फिरवलं आणि ते सरळ माझ्यासमोर आलं. आता नाव घेतलं होतं. नाव घेऊन धनुष्य खाली करायचं म्हणजे बिस्मिल्ला म्हणून ताटावरून उठण्यासारखं. सोडला.

टक् असा लाकडावर ठोकल्यासारखा आवाज झाला. हरीण उसळलं, बाण मोडला, आणि अर्धा बाण खांद्यात घेऊन ते घाफच्या झाडीत शिरलं.

“सामने से क्यूँ मारा?” चाचा.

“बिस्मिल्ला बोल दिया था.”

“तो दोबारा बोल देते. अल्लाह मना करता है क्या?”

अर्धा तास हलायचं नाही, हा नियम. लगेच मागे लागलं तर जखमी जनावर दूर पळतं. त्या अर्ध्या तासात मी चार वेळा उठलो, चार वेळा चाचांनी शर्टाला धरून खाली बसवलं. मग माग काढला. वाळूवरचं रक्त लाल होतं, त्यात फेस नव्हता. म्हणजे फुप्फुस वाचलं, नुसतं मांस फाटलं. पुढे थेंब विरळ झाले आणि खडकाळीवर संपले. अंधार पडेपर्यंत आम्ही फिरलो. मला एकच दिसत होतं: कुठल्यातरी झुडपात ते तडफडतंय, आणि ते माझ्यामुळे.

“मिळालं का?” बायकोचा फोन.

“नाही.”

“मग जेवलात?”

“जेवण कसलं सुचतंय!”

“हां, तेवढंच बाकी होतं,” म्हणून तिनं फोन ठेवला.

चौथ्या दिवशी चाचांनी पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ पाठवला. तेच हरीण. लंगडत होतं, पण पाणी पीत होतं. चाचा म्हणाले, खांद्यातला घाव पुष्कळदा भरतो. कापलेल्या एका हरणात त्यांना जुनं बाणाचं पातं मिळालं होतं, भोवती मांसाची गाठ धरलेलं. बरं वाटावं म्हणून सांगितलं असणार. मला त्या दिवसापासून स्वतःच्याच खांद्यात काहीतरी टोचायला लागलं.

मग मी दर शुक्रवारी नमाज झाली की गाडी काढून तिकडे. मुलगी म्हणाली, “अब्बा, जस्ट लीव्ह इट अलोन.” ते कसं जमणार? पहिल्या शुक्रवारी हरीण दिसलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी झाडीत नुसती शेपटी दिसली. तिसऱ्यांदा मी दुर्बीण नेली आणि जवळून खपली बघावी म्हणून कुंपणाकडेनं वाकून चाललो. हरणानं मान वर केली, मला पाहिलं आणि तीन पायांवर असं सुटलं की खपलीतून पुन्हा लाल ओघळ आला.

चाचा मागेच उभे होते. मी विचारलं, “बचेगा ना, चाचा?”

“बचेगा साब, इन्शाल्ला,” ते म्हणाले. “बस, आप आना बंद करो.”