पहिल्या भेटीतला मार

आमच्या पहिल्या भेटीची गोष्ट मी सव्वीस वर्षं चुकीची सांगत आलो. माझं काम जमीन मोजणीचं. वीतभर हद्द सरकली तरी मी नकाशा पुन्हा काढतो. या एका गोष्टीत मात्र मी मोजमाप सोडून दिलं होतं.

गोष्ट अशी सांगायचो. पोलादपूरच्या स्टँडवर आंबेनळीकडे जाणारी एसटी लागली. चढण्याआधी जागा धरायला खिडकीतून काहीतरी आत टाकायची आमच्याकडची रीत. कोणी रुमाल टाकतं, कोणी टोपी. मी पिशवी भिरकावली. आत स्टीलचा डबा. तो महाडहून बसून आलेल्या एका मुलीला लागला. ती खाली उतरली आणि तिने मला छत्रीने सात तडाखे दिले. मागे सरकता सरकता मी कलिंगडांच्या ढिगावर बसलो. आठ महिन्यांनी आमचं लग्न झालं. लोक पोट धरून हसायचे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना लाटणं घेऊन आईची नक्कल करायची.

खरं असं होतं. डबा तिच्या डाव्या भुवईवर लागला आणि चार टाके पडले. छत्रीचा तडाखा एकच, तोही निसटता, कारण डोळ्यात रक्त गेल्यामुळे तिला नीट दिसत नव्हतं. कलिंगडं नव्हती. तिची माफी मी मागितली, पण तिसऱ्या दिवशी.

मुलगी आता चोवीस वर्षांची आहे, मुंबईत नोकरी करते. मुलगा तिनेच निवडला. आमच्याच तालुक्यातला, तोही मुंबईत असतो. पहिल्या भेटीत कँटीनमध्ये ती बसत असताना त्याने गमतीने खुर्ची मागे ओढली. ती पडली, मनगटाला तीन आठवडे प्लास्टर. फोनवर हसत म्हणाली, "बाबा, सेम तुमच्यासारखं! स्टोरी रेडी!" मीही हसलो. हे लिहायलाच हवं.

सुपारीसाठी घरी आली तेव्हा दंडावर चार बोटांचे निळे वळ होते.

"हे काय?"

"मस्ती हो बाबा. मी फोन दाखवत नव्हते, म्हणून जरा जोरात धरलं."

"तुझा फोन त्याला कशाला बघायचाय?"

"आईने छत्रीने झोडपलं ते चालतं तुम्हाला. आमचं तेवढं खुपतं."

मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोला म्हटलं, तू तरी समजाव. ती भांडी घासत होती. "मी काय समजावू? मार खाऊन हसायचं, हे तुमीच शिकवलंत तिला."

रविवारी मुलाकडची अकरा माणसं आली. पाटावर सुपारी मांडली. ती फुटली की लग्न ठरलं. मग शब्द मागे घेता येत नाही. मुलाचा मामा म्हणाला, "अहो व्याही, आधी ती छत्रीची गोष्ट होऊ द्या! सुपारी काय पळून जातेय?"

मी ठरवलं, आज खरी सांगायची. चार टाके सांगितले, रक्त सांगितलं. माणसं हसत राहिली. कुठे हसायचं ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

"आणि कलिंगडं? कलिंगडं गिळलीत काय?" मामा ओरडला.

"कलिंगडं नव्हतीच."

त्यावर तर अख्खी खोली हसली. मुलाने हसत हसत माझ्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने ती पुढे झुकली आणि तशीच हसत राहिली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती फक्त मुलीकडे बघत होती. "मला दिसत नव्हतं गो. मी रडत होते नि सगळा स्टँड हसत होता."

मग मामा म्हणाला, "वहिनीसुद्धा कमी नाहीत हां!" आणि पुन्हा हसू उसळलं.

मी पाटावरची सुपारी उचलली. "आज नाही फुटायची."

चहा तसाच राहिला. मुलगी त्यांच्याच गाडीत बसून निघून गेली.

आज एकोणीस दिवस झाले. ती माझा फोन घेत नाही, आईचा घेते. काल तिने आईला एकच विचारलं, "बाबांनी त्यानंतर कधी हात उचलला?"

"नाय गो. कदीच नाय."

फोन चालूच राहिला. बायकोने फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर सेकंद पुढे जात होते. चाळीसपर्यंत मी पाहिले. मग पलीकडून त्याचा आवाज आला, "कोणाशी बोलतेयस?" आणि फोन कट झाला. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

मी वीर स्टेशनवर बसून हे लिहितोय. मुंबईच्या गाडीला पन्नास मिनिटं आहेत. ती राहते त्या इमारतीचं नाव मला माहीत आहे. मजला कितवा, ते मी कधी विचारलं नाही.