पुस्तकातली नाचणी

हेल्मेटमध्ये मी करवंदं भरली होती. साखरशेतहून जव्हारला घरी निघालो तेव्हा जवळ पिशवी नव्हती, म्हणून. हेल्मेट मोटरसायकलच्या हँडलला अडकवलं, आणि उतारावरच्या वळणावर एक करवंद तोंडात टाकायला गेलो. मी डोक्यावर पडलो. हेल्मेटमधली करवंदं बऱ्यापैकी शाबूत राहिली.

"स्कॅन नॉर्मल आहे. किरकोळ मार आहे," डॉक्टर म्हणाले. त्या किरकोळ माराला आता दोन पावसाळे झाले. ऊन अजून डोळ्यांत घुसतं. पोरांनी एका सुरात पाढे म्हटले की मळमळतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी संपलेला असतो. दिसायला मात्र ठणठणीत, उलट पडून पडून वजन वाढलंय. त्यामुळे कुणी कीव करावी अशीही सोय नाही. बायको म्हणते, "हल्ली शांत झालात." ते ती कौतुकानं म्हणत नाही.

मी तिकडच्याच एका पाड्यावर मास्तर आहे. आणि बोलता बोलता माझे शब्दच हरवतात. शब्दांखेरीज दुसरं काही तर मला येतही नाही.

इथं नाचणीला नागली म्हणतात. बारा वर्षं मी पोरांच्या वह्यांतली नागली खोडत आलो. "पुस्तकात काय आहे? नाचणी! म्हणा, नाचणी." एकाला तर वीस वेळा लिहायला लावलं होतं.

परवा फळ्यावर कणीस काढलं आणि पुढं शब्दच येईना. "ही... ही आपली... भाकरी करतात ती..." मग मागून एक मुलगी हळूच म्हणाली (माझ्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, हे पोरांनी आपसांतच ठरवलंय), "गुरुजी, नागली."

मी 'नागली' लिहिलं. खडू ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन बसलो.

तिथं खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांदूळ पाखडत होत्या. त्यांना म्हटलं, "मावशी, वर्ग सोडतो आता. मोखाड्याच्या ऑफिसात कागद लावायचं काम मागतो. साधे शब्द आठवत नाहीत मला."

सूप काही थांबलं नाही. इकडं मास्तरालाही 'तू'च म्हणतात.

"फळ्यावर काय लिवलास?"

"नागली."

"मंग बरोबर लिवलास की. डोका शाबूत होता तवाच चुकीचा शिकवीत होतास."